स्वच्छ दिसणाऱ्या फ्लास्कचं काय करायचं?

प्रश्न: मॅडम, मी नांदेडला पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. बालाघाटातल्या सीताफळाच्या बियांचा अर्क एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) आणि हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) सेल्सवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर, लावून बघते. जुलैत तीन वेळा कंटॅमिनेशन आलं, म्हणजे जंतू शिरले. फ्लास्क रातोरात पिवळे आणि गढूळ. सीनियर म्हणाला, पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन) दुप्पट कर. केलं. त्याला दोन महिने झाले, एकही फ्लास्क गढूळ झालेला नाही. पण एमसीएफ-७ आता पूर्वीसारख्या वाढत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी भरणारा फ्लास्क आठव्या दिवशीही अर्धाच असतो, आणि एमटीटीचे, म्हणजे किती सेल्स जिवंत आहेत ते रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे दर वेळी वेगळे येतात. पेपर पाठवायच्या बेतात आहोत, म्हणून सरांना सांगायची हिंमत होत नाही. आता कोणतं अँटिबायोटिक वापरू? (तुम्ही मला अगं-तुगं केलं तरी चालेल.)

उत्तर:

अगं, कोणतंही नको. आहे तेही बंद कर आणि बंद केल्यावर काय होतं ते बघ.

तुझ्या तीन गढूळ फ्लास्कांची हकिगत वाचून मला फारशी काळजी वाटली नाही. पावसाळ्यात असं होतं, आणि गढूळ फ्लास्क निदान स्वतःहून सांगतो की माझ्यात काहीतरी शिरलंय. काळजी वाटली ती पुढच्या दोन महिन्यांची. मीडिया (सेल्स ज्यात वाढतात ते पोषक द्रावण) नितळ, रंग व्यवस्थित, मायक्रोस्कोपखाली वळवळ नाही, आणि तरी सेल्स रखडतात, आकडे जुळत नाहीत. हंड्यातलं पाणी नितळ दिसलं म्हणून ते पिण्याजोगं असतंच असं नाही, हे टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या आपल्या भागातल्या मुलीला मी वेगळं सांगायला नको. फ्लास्कचंही तसंच.

मला शंका आहे ती मायकोप्लाझ्माची. हे जिवाणूच, पण अगदी लहान, साधारण ०.२ ते ०.८ मायक्रॉन. त्यांना पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन जिवाणूंना भित्तिका बांधू देत नाही म्हणून ते मरतात. जिथे भित्तिकाच नाही तिथे पेनिसिलिन काय करणार? कल्चरमधले बहुतेक मायकोप्लाझ्मा स्ट्रेप्टोमायसिनलाही दाद देत नाहीत. म्हणजे तू पेन-स्ट्रेप दुप्पट केलंस तेव्हा जे दिसत होते ते जिवाणू दबले, आणि जे दिसत नाहीत त्यांना रान मोकळं मिळालं. एका मिलिलिटर मीडियात ते दहा कोटींपर्यंत असू शकतात आणि तरी मीडिया गढूळ होत नाही. कल्चरमध्ये मायकोप्लाझ्मा सापडल्याची पहिली नोंद १९५६ सालची आहे. तेव्हापासून आजवर हा त्रास कुठल्याच देशातल्या लॅबला चुकलेला नाही, त्यामुळे तू काही जगावेगळं पाप केलेलं नाहीस.

तुझ्या कामात तर हे फार घातक आहे. मायकोप्लाझ्मा सेल्सचं अन्न खातो. त्यातल्या काही जाती मीडियातलं आर्जिनिन झपाट्याने संपवतात आणि सेल्स उपाशी पडतात. एमटीटीत आपण जांभळा रंग मोजतो, आणि तो रंग सेल्सच्या चयापचयावर अवलंबून असतो. चयापचयच बिघडलेलं असेल तर तू मोजतेस ते सीताफळाच्या अर्काचं काम की मायकोप्लाझ्माचं? काही औषधं तर, विशेषतः न्यूक्लिओसाइडसारखी, मायकोप्लाझ्मा स्वतःच मोडून टाकतो आणि आपल्याला वाटतं सेल्स औषधाला बधत नाहीत.

जाता जाता एक सांगते, पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस. सेल्स न घालता नुसता मीडिया, त्यात तुझा अर्क आणि एमटीटी, असं एक वेल (प्लेटमधला खळगा) ठेवतेस का? बियांच्या, पानांच्या अर्कातली कितीतरी द्रव्यं सेल्सशिवायच एमटीटीला जांभळं करतात. ते वेल नसेल तर कंटॅमिनेशन नसतानाही आकडे नाचतील. आजपासून ठेव.

मायकोप्लाझ्मा आहेच असंही मी धरून चालत नाही. सेल्स मंदावायला इतर कारणंही असतात: पॅसेज नंबर (सेल्स किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये काढल्या) फार वाढला, मीडियात घालायच्या सीरमचा लॉट बदलला, सेल्स सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिनमध्ये त्या जास्त वेळ राहिल्या. दुप्पट अँटिबायोटिकचाही त्यांच्यावर ताण येतो. म्हणून आधी परीक्षा, मग निर्णय.

परीक्षा अशी कर. एमसीएफ-७ आणि हेला दोन्ही अँटिबायोटिकशिवायच्या मीडियात दोन-तीन पॅसेज वाढव. अँटिबायोटिक असताना टेस्ट लावली तर काही जंतू दबलेले असू शकतात आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. मग फ्लास्क जवळजवळ भरू दे, दोन-तीन दिवस मीडिया बदलू नकोस, आणि वरचा मीडिया एक मिलिलिटर काढून घे. ९५ अंशांवर पाच-दहा मिनिटं तापवून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं पाणी पीसीआरला (डीएनए शोधणाऱ्या चाचणीला) लाव. मायकोप्लाझ्माच्या १६एस जीनचे प्रायमर (तो जीन हुडकणारे डीएनएचे तुकडे) सहज मागवता येतात आणि पीसीआर मशीन आता तुझ्या कॉलेजात नसलं तरी शेजारच्या बायोटेक विभागात असतंच. पॉझिटिव्ह कंट्रोल (मायकोप्लाझ्मा नक्की असलेला नमुना) आणि निगेटिव्ह कंट्रोल (नक्की नसलेला) दोन्ही हवेत. जेलवर पॉझिटिव्ह कंट्रोलची रेघ आली नाही तर बाकीच्या कोऱ्या लेनला काही अर्थ नाही.

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप कुठे मिळाला तर होक्स्ट किंवा डॅपी हे डीएनए रंगवणारे रंग लावूनही बघ. पीसीआरची रेघ बघून जे पटत नाही ते हे बघून पटतं. चांगल्या सेल्समध्ये मोठी निळी केंद्रकं दिसतात, आणि मधे काळोख. मी पहिल्यांदा बाधित स्लाइड बघितली तेव्हा त्या काळोखात, केंद्रकांच्या भोवती आणि सेल्सच्या कडेकडेने, कुणी राजगिरा सांडल्यासारखे बारीक निळे ठिपके होते. फोकस खालीवर केला, ठिपके तिथेच. त्याच फ्लास्ककडे सकाळी मी साध्या मायक्रोस्कोपने बघितलं होतं आणि वहीत लिहिलं होतं, ‘सेल्स छान’.

आता जुलैकडे येऊ. फ्लास्क फेकले म्हणून कारण फेकलं जात नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात ते परत येईल. रातोरात पिवळा आणि गढूळ म्हणजे बहुधा जिवाणू. यीस्ट असतं तर हळूहळू वाढलं असतं, आणि ४०एक्सखाली कोंब फुटलेले, माळेत ओवल्यासारखे अंडाकृती दाणे दिसले असते. बुरशी असती तर धागे दिसले असते, पुढे पुढे कापसासारखा पुंजका तरंगला असता. एक फसगत मात्र सगळ्यांची होते. मेलेल्या सेल्सचा कचरा आणि सीरममधले कण जागच्या जागी थरथरतात आणि नवख्याला ते जिवाणू वाटतात. जिवाणू असतील तर ते वाढतात. म्हणून शंका आली की थोडा मीडिया सेल्स नसलेल्या रिकाम्या वेलमध्ये, अँटिबायोटिकशिवाय, रात्रभर ३७ अंशांवर ठेव. सकाळी गढूळ झाला तर जंतू, नाही झाला तर कचरा. झाकण उघडून वास घेऊन बघायची सवय काहींना असते, ती लावून घेऊ नकोस.

कारण शोधताना आधी नमुना बघायचा. वहीत मागे जा. कोणाकोणाचे फ्लास्क गेले? फक्त तुझे गेले असतील तर तुझ्या हाताळणीत किंवा तुझ्या बाटल्यांत काहीतरी आहे. एकाच बाटलीतल्या मीडियाचे सगळे गेले असतील तर ती बाटली. इनक्युबेटरच्या खालच्या फळीवरचेच गेले असतील तर पाण्याचा ट्रे. नंतर मीडिया, सीरम, ट्रिप्सिन, पीबीएस (सेल्स धुवायचं मिठाचं द्रावण) या प्रत्येकाचा थोडा थोडा नमुना अँटिबायोटिक नसलेल्या मीडियात तीन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेव. दोषी बाटली स्वतःच गढूळ होऊन समोर येईल. आणि तुझा अर्क! त्याला या परीक्षेतून सूट देऊ नकोस. सीताफळाच्या बिया उन्हात वाळवलेल्या, पोत्यातून आलेल्या असणार, त्यावर बुरशीचे बीजाणू असणारच. अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून वापर. फक्त एवढं लक्षात ठेव की त्या फिल्टरमधून मायकोप्लाझ्मा निसटू शकतो, त्याच्यासाठी ०.१ चा फिल्टर लागतो.

मी ज्या लॅबमध्ये होते तिथे एका पावसाळ्यात दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा फ्लास्क जायचा. मीडिया तपासला, स्वच्छ. सीरम स्वच्छ. हूडचा (गाळलेल्या हवेखाली काम करायच्या पेटीचा) फिल्टर तपासून घेतला, ठीक होता. शेवटी मी एक दिवस खुर्ची घेऊन हूडच्या बाजूला नुसती बसून राहिले आणि सगळ्यांचे हात बघत राहिले. सगळे नीट काम करत होते. मग एका मुलीने वॉटर बाथमधून मीडियाची बाटली उचलली, वरून अल्कोहोलचा फवारा मारला, कापसाने पुसली, हूडमध्ये नेली आणि झाकण फिरवलं. झाकणाच्या आट्यांमध्ये अडकलेला बाथच्या पाण्याचा एक थेंब सुटला आणि बाटलीच्या मानेवरून आत गेला. बाथ काठोकाठ भरलेला असायचा आणि बाटली मानेपर्यंत बुडायची. ३७ अंशांचं ते कोमट पाणी कुणी किती दिवसांत बदललं होतं हे कुणालाच सांगता आलं नाही. पाणी बाटलीच्या निम्म्यावर ठेवलं, दर सोमवारी बदलायला लागलो आणि दोन आठवड्यांत त्रास थांबला. तुझा वॉटर बाथ आज जाऊन बघ.

त्याच नजरेने इनक्युबेटरचा ट्रेही बघ. त्यात बोअरचं किंवा नळाचं पाणी नको. आपल्याकडचं पाणी इतकं जड की क्षार साचून ट्रेला पांढरी खरपुडी धरते, आणि त्या खरपुडीत जंतू घर करतात. ऑटोक्लेव्ह केलेलं डिस्टिल्ड पाणी, दर आठवड्याला नवं. फळ्या काढून ऑटोक्लेव्ह कर, आतल्या भिंती ७० टक्के अल्कोहोलने पूस. शंभर टक्के अल्कोहोल जास्त चांगलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस: जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूमच्या बाहेर काढ. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते.

लाइटचं मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण मोठ्या शहरातल्या लॅबसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये हे सहसा नसतं. आपल्याकडे कामाच्या मधेच लाइट जाते. हूडचा पंखा बंद पडला की फिल्टरमधली हवा थांबते, आणि त्या क्षणापासून हूड म्हणजे एक उघडं कपाट. नांदेडला जुलैत दिवसातून दोनदा लाइट गेली असेल तर त्या वेळी तू काय केलंस? स्पिरिट लॅम्प पेटवून काम पुरं केलं असशील तर मी तुला रागावणार नाही, मीही केलंय. पण तसं करू नकोस. लाइट गेली की सगळी झाकणं बंद, हात बाहेर, काच खाली. लाइट आली की हूड पंधरा-वीस मिनिटं नुसता चालू दे, पुसून घे, मग काम. उघड्या राहिलेल्या बाटल्यांवर वेळ लिही आणि त्या सेल्सला वापरू नकोस. पंख्यापुरता यूपीएस मागायचा असेल तर सरांना किती फ्लास्क फेकले त्याची यादी दाखव.

हूडमध्ये बोलणंही टाळ. कल्चरमध्ये सापडणाऱ्या मायकोप्लाझ्मांपैकी काही जाती माणसाच्या तोंडात राहणाऱ्या आहेत. काही गाई-वासरांच्या सीरममधून येतात, एक डुकरापासून काढलेल्या ट्रिप्सिनमधून आली. पण आज सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे शेजारचा बाधित फ्लास्क. बाहेरून आणलेल्या, मैत्रिणीने प्रेमाने दिलेल्या सेल्स टेस्ट झाल्याशिवाय त्याच इनक्युबेटरमध्ये कधीच ठेवायच्या नाहीत.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो. तू एमसीएफ-७ आणि हेला दोन्ही सांभाळतेस. हेला सेल्स १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून घेतल्या गेल्या आणि त्यांची वाढ इतकी जोमदार की एका थेंबातून दुसऱ्या फ्लास्कमध्ये शिरल्या तर काही पॅसेजमध्ये तो फ्लास्कच हेला होऊन जातो. १९६६ साली स्टॅनले गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या नावांनी जगभर वापरल्या जाणाऱ्या १८ सेल लाइन्समध्ये हेलामधलाच एन्झाइमचा प्रकार आहे. नावं वेगळी, आत हेला. लोकांनी कित्येक वर्षं ज्यावर काम केलं ती सेल भलतीच निघाली. तुझ्या सेल्स मंदावल्यात, हेला घुसली असती तर उलट वेगाने वाढल्या असत्या, म्हणून इथे माझी पहिली शंका ती नाही. तरी एकदा खात्री कर. हेलामध्ये एचपीव्ही-१८ विषाणूचा डीएनए असतो, एमसीएफ-७ मध्ये नसतो. साध्या पीसीआरने कळतं. पेपरसाठी मात्र एसटीआर प्रोफाइल (सेल्सची डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी) करून घे, त्याला पर्याय नाही. आणि यापुढे सकाळी एमसीएफ-७, दुपारी हेला, प्रत्येकीची मीडियाची बाटली वेगळी, मधे हूड पुसलेला.

मायकोप्लाझ्मा निघाला तर सेल्स फेक. मायकोप्लाझ्मा मारणारी खास औषधं मिळतात, साधारण दोन आठवडे द्यावी लागतात. पण जी सेल जगात दुसरीकडे मिळणारच नाही तिच्यासाठीच ती खटपट करावी, आणि तीही वेगळ्या खोलीत. एमसीएफ-७ आणि हेला पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, आपण एनसीसीएस म्हणतो तिथून, मागवता येतात. फेकताना ब्लीच एकूण दहा टक्के होईल इतकं घाल, अर्धा तास ठेव, मग ओत. ब्लीच घातलेलं ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नकोस, अल्कोहोलमध्ये मिसळू नकोस. बुरशीचा फ्लास्क तर उघडूच नकोस, तसाच बंद पिशवीत ऑटोक्लेव्ह कर.

आणि सर.

हे लिहिताना मला माझंच एक वर्ष आठवतं. माझ्याकडे असाच एक रखडलेला फ्लास्क होता. मला शंका होती, पण सेमिनार तोंडावर आला होता, म्हणून तीन आठवडे मी बोलले नाही. त्या तीन आठवड्यांत त्याच इनक्युबेटरमधल्या आणखी चौघांच्या सेल्स बाधित झाल्या. त्यातल्या एकाची फेलोशिप संपत आली होती. सेल्स पुन्हा वाढवायला त्याला वेळच उरला नाही. गाइड मला रागावले, ते मी विसरले. त्या मुलाचा चेहरा विसरले नाही.

म्हणून टेस्टच्या निकालाची वाट बघू नकोस, उद्याच सांग. मोठी प्रस्तावना नको. ‘सर, एमसीएफ-७ दोन महिन्यांपासून मंदावल्यात, एमटीटी जुळत नाही, मला मायकोप्लाझ्माची शंका आहे. अँटिबायोटिक बंद करून टेस्ट लावते. तोवर पेपर थांबवू या आणि इनक्युबेटरमधल्या सगळ्यांना कळवू या.’ एवढंच. सोबत वही ने, तारखा दाखव. ते चिडतील कदाचित. पण पेपर छापून आल्यावर दुसऱ्या कुणाला ते आकडे मिळाले नाहीत, तर जी वेळ येईल तिच्यापुढे हा राग काहीच नाही. पेपरमधला जुलैआधीचा डेटा वेगळा काढ. तो कदाचित वाचेल. नंतरचा सगळा परत करायचा, नव्या सेल्सवर, तीनदा. तीन-चार महिने जातील. पीएचडीत तेवढे जातात.

शेवटचं, आणि हे उद्या सरांना भेटायच्या आधी कर. लिक्विड नायट्रोजनच्या कॅनमध्ये तुमच्या गोठवलेल्या सेल्सच्या किती व्हायल आहेत आणि कोणत्या तारखेच्या, ते लिहून काढ. नायट्रोजनमध्ये मायकोप्लाझ्मा मरत नाही, म्हणून जुलैपासून गोठवलेल्या प्रत्येक व्हायलवर ‘शंका’ असं लिहून ती वेगळ्या डब्यात ठेव. जूनच्या किंवा त्याआधीच्या व्हायल सापडल्या तर एकच वितळव, सगळ्या नकोत. ती दुसऱ्या इनक्युबेटरमध्ये, अँटिबायोटिकशिवाय वाढव आणि आधी टेस्ट लाव. पीसीआरचा निकाल आला की मला कळव.